थांबण्याचं भाडं

पहाटे साडेपाचला मोरिवलीत कोंबड्यांची गाडी येते, तेव्हा कारखान्यांची रात्रपाळी अजून सुटलेली नसते. आषाढाचा शेवटचा आठवडा. रात्रभर कोसळून पाऊस नुकता उघडलेला. पिकअपमध्ये एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या, प्रत्येकीत दाटीवाटीनं बसलेले पांढरे पक्षी. दुकानदार आणि त्याचा पोऱ्या एकेक जाळी काट्यावर ठेवतात, गाडीवाला वहीत वजन लिहितो, रिकाम्या जाळीचं वजन वजा होतं. पंधरा मिनिटांत व्यवहार आटोपतो. घासाघीस होत नाही, कारण भाव रात्रीच फोनवर आलेला असतो. दुकानदार फळीवरचा कालचा आकडा ओल्या बोटानं पुसतो आणि खडूनं आजचा लिहितो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'भाव' हा विषय दिला, तेव्हा मला ही फळीच आठवली. रोज बदलणारा हा आकडा ठरतो कसा आणि तो ठरताना कोणाच्या हातात काय उरतं, हे पाहायला मी मोरिवलीहून उलट्या दिशेनं निघाले. दुकानातून शेडवर, शेडवरून मका-सोयाच्या बाजारात, तिथून म्हशींच्या तबेल्यात आणि शेवटी डोंगराखालच्या पाड्यावर.

मोरिवली आज अंबरनाथ शहरात मिसळून गेलं आहे. एमआयडीसीचे गाळे, रसायनांचे कारखाने, त्यांच्या पाठीला उभ्या राहिलेल्या इमारती. भातखाचरांचं गाव होतं, त्याच्या खुणा आता जुन्या घरांच्या ओट्यांवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच सापडतात. ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी कोंबड्यांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "पयले घराघरान कोंबऱ्या व्हत्या, बाय. पावना आला का एक धरायची. आता सगली बॉयलर."

'बॉयलर' म्हणजे ब्रॉयलर. आजींच्या अंगणातल्या कोंबडीत आणि दुकानातल्या ब्रॉयलरमध्ये चवीचा फरक आहेच. पण या प्रवासात मला उमगलेला फरक वेगळा होता. अंगणातली कोंबडी पाहुणा येईपर्यंत थांबत होती. ब्रॉयलर थांबत नाही.

दोन किलोंचा पक्षी

दुकानाचं गणित आधी समजून घेऊ. समजा, जिवंत पक्षी दुकानदाराला किलोला १२० रुपयांनी पडला. दोन किलोंच्या पक्ष्याचे २४० रुपये झाले. आपल्याकडे कातडी काढूनच चिकन विकलं जातं. पिसं, कातडी, आतडी, डोकं, पाय गेल्यावर हाती साधारण दोन तृतीयांश मांस येतं, म्हणजे सव्वा-दीड किलोच्या दरम्यान. नुसती खरेदी वसूल करायची तरी मांसाचा भाव १८० रुपयांच्या आसपास जातो. त्यावर गाळ्याचं भाडं, पोऱ्याचा पगार, वीज, पाणी. गाडीत आणि पिंजऱ्यात मेलेला पक्षी दुकानदाराच्या माथी.

या धंद्याला भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय चालत नाही. आषाढ अमावास्येच्या आधीचे दिवस, म्हणजे गटारीचा आठवडा, विक्रीचा कळस. दुसऱ्याच दिवशी श्रावण लागतो आणि निम्मी गिऱ्हाइकं दिसेनाशी होतात. भाद्रपदात काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तेवढ्यापुरती उचल. पुढे नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार, म्हणजे पुन्हा मंदी. लग्नसराईत आगरी हळदी सुरू झाल्या की एकेका मांडवासाठी दुकानदाराला आगाऊ नोंदणी घ्यावी लागते.

गिऱ्हाईक पंचांगानं चालतं, पक्षी मात्र स्वतःच्या दिवसांनी वाढतो. अंडं उबवायला २१ दिवस, पिल्लू विक्रीला यायला साधारण ४० दिवस. म्हणजे गटारीला लागणारा पक्षी दोन महिने आधी, भर उन्हाळ्यात, उबवणी यंत्रात ठेवलेला असावा लागतो. ज्या कोंबडीनं ते अंडं दिलं, ती पाच-सहा महिन्यांची झाल्यावर अंडी घालू लागते, म्हणून तिचा विचार त्याच्याही आधी. आणि श्रावणातली मंदी हेरून ज्येष्ठातच कमी पिल्लं टाकावी लागतात. अंदाज चुकला की माल अंगावर येतो. जिवंत माल अंगावर आला की तो खातो.

पक्षी कोणाचा?

बदलापूर सोडून मुरबाडच्या दिशेला लागलं की झाडांआड लांबट, बुटक्या शेड दिसू लागतात. मुंबई-ठाण्यासारखा बाजार एका रात्रीच्या टप्प्यात असल्यामुळे अंबरनाथ, मुरबाड, शहापूर आणि पलीकडे कर्जत या तालुक्यांत हा धंदा रुजला. भाताच्या एका पिकावर घर चालत नाही, म्हणून कोणी दोन एकरांच्या कडेला कर्ज काढून शेड बांधली.

मी पाहिली ती शेड पाच हजार पक्ष्यांची. पक्ष्याला साधारण एक चौरस फूट जागा, म्हणून शेडही पाच हजार चौरस फुटांची. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. दोन्ही बाजूंना जाळी, तिच्यावर वर-खाली होणारे पडदे. जमिनीवर भाताच्या तुसाचा थर, ज्याला इथे सगळे 'लिटर' म्हणतात. शिरताना चपला बाहेर काढून जंतुनाशकाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात.

शेडवाल्या दादांनी हिशेब समजावून सांगितला. पिल्लं कंपनीची. खाद्य कंपनीचं. औषधं, राणीखेत आणि गंबोरोच्या लसी कंपनीच्या. दर चार-दोन दिवसांनी फेरी मारणारा सुपरवायझर कंपनीचा. शेड, वीज, पाणी, तूस, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडिंगचा गॅस आणि घरच्या माणसांची मेहनत दादांची. पिल्लांच्या पेट्या येतात त्या रात्री घरातलं कोणीच झोपत नाही. गुळाचं पाणी तयार ठेवायचं, ऊब सांभाळायची, पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली तर थंडी वाजते आहे, दिव्यापासून लांब पळाली तर उष्मा होतो आहे, हे त्यांच्या बसण्यावरून ओळखायचं.

"पक्षी आपला नाही. सांभाळायचं काम आपलं," दादा म्हणाले.

या पद्धतीला धंद्यात 'इंटिग्रेशन' म्हणतात. आपल्या देशात तिची पाळंमुळं कोइमतूरकडे. १९९०च्या दशकात तिथे ती फोफावली आणि पुढे महाराष्ट्रात आली. तिनं लहान शेतकऱ्याला एका मोठ्या संकटातून सोडवलं, हे मान्य करायला हवं. पूर्वी स्वतः पिल्लं घेऊन, उधारीवर खाद्य आणून पक्षी वाढवणारा शेतकरी भाव कोसळला की एका बॅचमध्ये बुडायचा. आता बाजारभावाचा धक्का कंपनी घेते आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो.

पण तो दर सरळ नाही. किती मरतूक झाली आणि एक किलो वजनासाठी पक्ष्यानं किती किलो खाद्य खाल्लं, यावर तो वर-खाली होतो. या दुसऱ्या आकड्याला 'एफसीआर' म्हणतात आणि शेडवर तो देवासारखा जपला जातो. एक किलो सहाशे-सातशे ग्रॅम खाद्यात एक किलो पक्षी, म्हणजे चांगली बॅच.

आता इथे थांबण्याचा प्रश्न येतो. चाळिशीच्या आसपास पक्षी दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आगेमागे खातो. पाच हजार पक्षी म्हणजे एका दिवसाला आठ-नऊ क्विंटल खाद्य. जसजसं वय वाढतं, तसतसं खाल्लेल्या प्रत्येक किलोमागे वाढणारं वजन कमी होत जातं. मागणी पडली की गाडी उशिरा येते. आज येणारी परवा येते, परवाची पुढच्या आठवड्यात. खाद्य कंपनीचं असलं तरी बिघडलेला एफसीआर दादांच्या खात्यावर पडतो. दाटी वाढते, मरतूक वाढते, पुढची बॅच लांबते आणि वर्षातल्या सहा बॅचच्या पाच होतात. शेडचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

बॅच गेल्यावर उरलेलं कोंबडखत तेवढं पूर्णपणे दादांचं. भाजीवाले, बागायतदार येऊन घेऊन जातात. त्या पैशातून विजेचं बिल निघालं तरी बॅच बरी गेली म्हणायची.

डेलावेअर ते न्हावा शेवा

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू गावात १९२३ साली सेसिल स्टील या गृहिणीनं अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली. हॅचरीच्या चुकीनं ५०० आली. तिनं ती परत केली नाहीत. वाढवली, आणि जगलेली ३८७ मांसासाठी पौंडाला ६२ सेंट भावानं विकली. तोवर तिकडेही कोंबडी मुख्यतः अंड्यांसाठीच पाळली जायची. केवळ मांसासाठी कोंबड्या वाढवण्याच्या धंद्याचा उगम या प्रसंगात सांगितला जातो. पुढच्या तीन दशकांत खाद्यवाले, हॅचरीवाले आणि कत्तलखाने एका मालकीखाली आले आणि शेतकरी करारावर पक्षी सांभाळू लागला. मुरबाडच्या शेडमधला करार त्याच घराण्यातला.

पक्ष्याचं रक्तही असंच मोजक्या हातांत आहे. जगातल्या ब्रॉयलरच्या मूळ जातींचा बहुतांश पुरवठा कॉब आणि अॅव्हिअॅजेन या दोन मोठ्या कंपन्यांकडून होतो. मूळ जातीपासून पणजी, आजी, आई आणि मग शेडवरचं पिल्लू, अशी ही उतरंड. शेवटच्या पायरीवरच्या पक्ष्यांपासून पुढची पिढी काढली तर ते गुण टिकत नाहीत. म्हणून दर बॅचला नवं पिल्लू आणावंच लागतं. महाराष्ट्राचं नाव या साखळीत मोठं झालं ते डॉ. बी. व्ही. राव यांच्यामुळे. १९७१ साली त्यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजनं पुणे हे देशातल्या कुक्कुट धंद्याचं एक केंद्र बनवलं.

खाद्याचा धागा तर थेट समुद्रापार जातो. पक्षी वाढवण्याच्या खर्चात दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा खाद्याचा, आणि खाद्यात मुख्य मका आणि सोयाबीनची पेंड. २०२१च्या उन्हाळ्यानंतर सोयापेंडीचे भाव इतके चढले, की केंद्र सरकारनं त्या ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ती उतरवून घेण्यासाठी नेमलेल्या ठिकाणांमध्ये आपलं न्हावा शेवा होतं. विदर्भ-मराठवाड्यातला सोयाबीन उत्पादक त्या निर्णयानं संतापला, कारण त्याच्या हातात नुकताच चांगला भाव येऊ लागला होता. कोंबडीवाल्याचा सुटकेचा श्वास हा सोयावाल्याचा हाय खाण्याचा क्षण होता, आणि दोघेही आपलेच शेतकरी. त्यानंतर मक्यापासून इथेनॉल करण्याला जोर आला आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४मध्ये मका आयात करू लागला. गाड्यांच्या टाकीत जाणारं धान्य आणि पक्ष्याच्या चोचीत जाणारं धान्य आता एकाच बाजारात बोली लावतात.

ज्या दिवशी गाडी येत नाही

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातल्या बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१मध्ये नवापूर पुन्हा त्याच संकटात सापडलं. फेब्रुवारी २०२२मध्ये रोग आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला आला आणि परिसरातल्या सुमारे २५ हजार पक्ष्यांना नष्ट करायचं ठरलं.

त्याआधी २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रोगाशिवायच तडाखा बसला होता. कोंबडीतून करोना होतो ही अफवा मोबाइलवरून पसरली आणि भाव असा कोसळला, की काही ठिकाणी पक्षी दहा रुपये किलोनं निघाले, काही ठिकाणी फुकट वाटले गेले, कुठे जिवंत पुरले गेले. खाद्य घालणं विकण्यापेक्षा महाग झालं, की जिवंत प्राण्याची किंमत शून्याच्याही खाली जाते. पोत्यातल्या तांदळाच्या बाबतीत हे कधी घडत नाही.

भरपाईचं गणितही इथे सांगायला हवं. २०२१मध्ये राज्यानं ठरवलेल्या दरांत सहा आठवड्यांपर्यंतच्या ब्रॉयलरला २० रुपये आणि त्यापुढच्याला ७० रुपये होते. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतच विक्रीला तयार होतो. शिवाय ही भरपाई पक्ष्यावर मोजली जाते. त्यानंतर महिनोन्‌महिने रिकाम्या राहणाऱ्या शेडचं भाडं, हप्ता, घरातल्या माणसांचे बुडालेले दिवस त्यात कुठेच धरले जात नाहीत. पक्षी ज्याचा नाही, त्याचं नुकसान मोजायला आपल्याकडे मापच नाही.

तबेल्यातली भाकड

थांबणं परवडत नाही ही गोष्ट फक्त कोंबडीची नाही. अंबरनाथहून कल्याणला उतरून खाडीच्या बाजूला गेलं की रेतीबंदर भागात म्हशींचे तबेले लागतात. पावसाळ्यात उल्हास फुगली की तबेलेवाले म्हशी सोडून रस्त्यावर आणून उभ्या करतात.

मुंबईतले तबेले शहराबाहेर काढायचे म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. शहर वाढत गेलं, तबेले बाहेर सरकत गेले. पद्धत मात्र टिकून राहिली. नुकती व्यालेली मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैस हरयाणा-गुजरातहून लाखाच्या वर किंमत देऊन आणायची. सरकी पेंड, तुरीची चुणी, भुसा, हिरवा चारा सगळं विकत. दूध घट्ट आणि ताजं, म्हणून त्याला शहरात मोल आहे. मुंबईतल्या म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक भाव मार्च २०२३मध्ये ८० वरून ८५ रुपये लिटर झाला आणि पुढे आणखी चढला. त्या वर्षाच्या शेवटी नगर-पुण्याकडचा शेतकरी गायीचं दूध २५-२७ रुपयांना घालत होता आणि जानेवारी २०२४मध्ये सरकारला लिटरमागे पाच रुपयांचं अनुदान सुरू करावं लागलं.

मग तबेलेवाला श्रीमंत का नाही? कारण म्हैस आटते. आठ-दहा महिन्यांनी दूध संपलं की ती भाकड. पुन्हा गाभण राहून व्यायला जवळपास वर्ष. तेवढे दिवस शहराच्या भाड्याच्या जागेत, विकतच्या चाऱ्यावर तिला पोसणं तबेल्याला झेपत नाही. तिला गावाकडे धाडायचं म्हटलं तर जाण्या-येण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च. त्यामुळे अजून चार वेतं देऊ शकणाऱ्या कितीतरी चांगल्या म्हशी कसायाकडे जातात. पारड्याला तर जन्मतःच किंमत नसते, कारण ते पिईल त्या दुधाचा भाव त्याच्यापेक्षा जास्त आहे. हे लिहिताना वाईट वाटतं. पण ते क्रौर्य एखाद्या माणसाच्या मनात नसून हिशेबात आहे, आणि हिशेब बदलल्याशिवाय ते जाणार नाही.

हिवाळ्यातलं दूध

हिशेब बदलता येतो, याचं उदाहरण आपल्या शेजारीच घडलं आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली सहकारी दूध संघ स्थापन केला. दूध मुंबईला जात होतं. पण हिवाळ्यात म्हशी उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त दूध देतात आणि ते जादा दूध घ्यायला मुंबई तयार नव्हती. दूध एक दिवसही थांबत नाही. मग त्या संघानं दुधालाच थांबायला शिकवलं. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं जगातले तज्ज्ञ सांगत होते. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ला पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. हिवाळ्याचं दूध उन्हाळ्यापर्यंत राखता येऊ लागलं, तसा भाव ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या बाजूला झुकला.

अंड्यांच्या बाबतीत १९८२मध्ये डॉ. राव यांच्या पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. त्याआधी व्यापारी म्हणेल तो भाव होता. उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःचा रोजचा दर जाहीर करायला सुरुवात केली.

कोंबडीच्या मांसाचं मात्र आपल्याकडे असं काही झालं नाही. आपण डोळ्यांसमोर कापलेलं ताजं चिकनच घेतो, म्हणून बहुतेक पक्षी जिवंतच बाजारात येतो. अमेरिकेत गिऱ्हाइकाला छातीचं मांस हवं असतं, तंगड्या उरतात. त्या गोठवून ठेवल्या जातात आणि स्वस्तात जगभर जातात. भारतानं २००७पासून बर्ड फ्लूच्या कारणानं त्यांना मज्जाव केला, तेव्हा अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१४मध्ये, पुढे अपिलात २०१५मध्येही, निकाल आपल्या विरुद्ध गेला. आता आयातशुल्काचीच भिंत उरली आहे. तिच्या एका बाजूला गोठवलेली, महिनोन्‌महिने थांबू शकणारी तंगडी, आणि दुसऱ्या बाजूला मुरबाडच्या शेडमधला, उद्या आणखी पावणेदोनशे ग्रॅम खाणारा पक्षी.

पाड्यावर

शेवटी बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकूरपाड्यावर गेले. तिथे कुडाच्या घरामागे सात-आठ गावठी कोंबड्या आणि चार शेळ्या. कोंबड्या उकिरड्यावर, शेताच्या बांधावर चरतात. खाद्य विकतचं नाही, म्हणून त्यांना एफसीआर नाही. घरातल्या बाईंनी सांगितलं, शाळेची वह्या-पुस्तकं घ्यायची वेळ आली की एक कोंबडी बदलापूरला जाते. शेळी मोठ्या दुखण्यासाठी किंवा लग्नासाठी राखलेली. बकरी ईदच्या आधी व्यापारी पाड्यावर येतात तेव्हा बोकडाचा भाव त्या सांगतात, आणि पटला नाही तर बोकड दाव्याला परत बांधतात.

संपूर्ण प्रवासात 'नाही' म्हणू शकणारी विकणारी व्यक्ती मला इथेच भेटली. गरिबी होती, कोंबडी मुंगूस न्यायचं, साथीत अख्खं खुराडं साफ व्हायचं. तरीही त्यांचा पक्षी त्यांचा होता आणि तो थांबत होता. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कुक्कुटपक्षी मोजले गेले, त्यांतले जवळपास ३२ कोटी असे परसातले होते. हा आकडा मागे पडलेल्या जुन्या जगाचा उरलासुरला अवशेष समजून सोडून देण्यासारखा नाही.

परसातली कोंबडी मुंबईला पुरणार नाही, हे मला कळतं. मोरिवलीच्या कामगाराच्या डब्यात आठवड्यातून एकदा तरी चिकन पडतं ते शेडवाल्या दादांमुळे. म्हणून मागणं साधं आहे. शेडवाल्याच्या करारात पक्षी उचलण्याची तारीख असावी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचं भाडं कंपनीनं द्यावं. रोगाच्या भरपाईत रिकाम्या शेडचे महिने धरावेत. भाकड म्हशींसाठी शहराबाहेर सामायिक कुरण आणि गोठे असावेत. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी दुधाला थांबायला शिकवलं, ते काम मांसाच्या बाबतीत उत्पादकांच्या मालकीच्या शीतगृहांनी करावं.

श्रावणात मी पुन्हा मोरिवलीत गेले. फळीवरचा आकडा बराच खाली आला होता. संध्याकाळ झाली तरी पिंजऱ्यात अकरा पक्षी शिल्लक होते. दुकानदारानं त्यांतला एक काढून काट्यावर ठेवला. सकाळी गाडीतून उतरला तेव्हा दोन किलो दोनशे ग्रॅम होता. आता दोन किलो शंभर.

"हे शंभर ग्रॅम कोणाचे, ताई?" त्यानं विचारलं आणि पक्षी परत पिंजऱ्यात ठेवून सगळ्यांसमोर पाण्याचं भांडं सरकवलं.